कोऱ्या डब्यावरची यादी

मी डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, पंधरा किलोचा. सावकाश बोलतो, कारण घाई केली की माझं झाकण वाजतं आणि अर्धं बोलणं त्यातच जातं. तेव्हा जरा दमानं ऐका.

मला लिहिता-वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आता माझ्या अंगावर अक्षरं आहेत, पण ती म्हातारपणी आली. कशी आली, तेच सांगायचं आहे.

मी जन्मलो शेंगदाणा तेलासाठी. तेल संपल्यावर पंचवटीतल्या एका बोळात पत्र्याचं काम करणाऱ्या सहादूच्या हाती आलो. त्यानं माझं तोंड कापलं, कापलेली धार आत दुमडली, वर बिजागरीचं झाकण बसवलं आणि पुढं कडी लावली. धार दुमडायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्याच्यामुळं इतक्या वर्षांत माझ्यात हात घालून कुणाचं बोट कापलं नाही. सहादू आता कुठं असेल, माहीत नाही. असेल तिथं सुखी असो.

तिथून मला गोजराबाईनं आणलं. आणल्या आणल्या राख आणि नारळाची शेंडी घेऊन तिनं मला असं घासलं, की तेलाच्या कंपनीचं नाव, चित्र, सगळं गेलं. माझ्यावर काय लिहिलं होतं ते मला कधी कळलंच नाही. कोरा झालो आणि कोऱ्यानंच संसाराला लागलो.

घर एकलहऱ्याच्या वीज केंद्राजवळ. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं सरपण. घरधनी बहिरू. तो वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात होता. कोळसा घेऊन वॅगन यायच्या, त्यांच्या अंगावर पांढऱ्या रंगात खुणा असायच्या. बहिरूच्या हातात चिठ्ठी. चिठ्ठीवरची खूण आणि वॅगनवरची खूण जुळली तर दार उघडायचं, नाही जुळली तर हात लावायचा नाही. बहिरू शाळेत एक दिवस गेला नव्हता. पण यार्डात त्याची खूण चुकली असं कधी झालं नाही. बोट ठेवून, एकेक रेघ पाहून, तो जुळवायचा. पाठीमागं कुणी ओरडलं, "आवरा की बहिरूबा!" तरी तो म्हणायचा, "आवरतो, आवरतो," आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरू करायचा.

माझ्यात आधी बाजरी होती. मग गहू. मग एक साल कुरडया. त्या घराची रीत अशी, की बाजारातून पुडीत आलेली कुठलीही गोष्ट पुडीत राहायची नाही. आली की डब्यात ओतायची. गोजराबाईला पुडी उघडी ठेवलेली चालायची नाही. "पुडी उंदराची, डबा आपला," असं तिचं म्हणणं. आणि रिकामी पुडी ती फेकायची नाही. कशाला तरी लावायची.

मला या रीतीचा अभिमान होता. माझं झाकण उघडलं की बाजरी बाजरीच दिसायची. नाव लिहायची गरज काय? मूठभर हातात घेतली की बाईमाणसाला सगळं कळतं.

आता कोळशाचं सांगतो. कोळशा म्हणजे कुत्रा. यार्डात वॅगनखाली सापडलेलं काळं पिल्लू. बहिरूनं ते सदऱ्यात घालून आणलं, तेव्हा गोजराबाई म्हणाली होती, "ऱ्हायला जागा हाय का? तुमीच काळे होऊन येता ते काय कमी हाय?" आणि म्हणता म्हणता तिनं बशीत दूध ओतलं होतं.

कोळशाला भाकरी-दूध, भाकरी-कालवण. ज्या दिवशी घरात कोंबडी शिजायची, त्या दिवशी त्यालाही दोन तुकडे. पण कोंबडी खाल्ली की त्याच्या कानामागं, पोटाखाली लाल चट्टे यायचे. दोनदा, तीनदा झालं. नाशिक रोडला जनावरांच्या डॉक्टर आहेत, सायलीबाई म्हणून. त्यांनी सांगितलं, "याला कोंबडी सोसत नाही. पूर्ण बंद." त्या दिवसापासून बंद म्हणजे बंद. गोजराबाई हाडूकसुद्धा पदराखाली झाकून बाहेर न्यायची.

वर्षं गेली. बहिरू नोकरीतून सुटून घरी बसला, कोळशाचे दात झिजले. भाकरी त्याला चावेना. तेव्हा मुलगा गोरक्ष, जो अंबडला कंपनीत आहे, तो एक पोतं घेऊन आला. त्यावर मेंढीचं चित्र, हिरवं रान आणि मोठी मोठी इंग्रजी अक्षरं.

"आबा, मेंढीचं हाय. वाचून आणलं. कोंबडीचं नाव नाय पुढं."

गोजराबाईनं माझ्यातले गहू काढले आणि पोतं माझ्यात ओतलं. तपकिरी गोळ्या होत्या. मी आयुष्यभर धान्य सांभाळलेलं. धान्याचा वास मला कळतो. या गोळ्यांचा वास मला कळला नाही. पण मी काही बोललो नाही. डबा कधी बोलतो का?

पोतं रिकामं झालं. जाड, आतून चकचकीत. गोजराबाईनं ते कडेनं फाडून मागच्या सरपणावर घातलं आणि वर चार विटा ठेवल्या.

मी ओट्यावर राहू लागलो. रोज सकाळी बहिरू माझी कडी काढायचा, तेव्हा कोळशा आधीच माझ्याशेजारी उभा. त्याची शेपटी माझ्या अंगावर आपटायची. टण, टण, टण. गोजराबाई आतून म्हणायची, "उठले देवळातले पुजारी." मला तो आवाज आवडायचा. माझ्या आयुष्यात कुणी मला आनंदानं बडवलं असेल, तर ते कोळशानं.

तीन-चार आठवड्यांत तो खाजवायला लागला. आधी कान. मग मांड्या. मग पोट. ओट्याच्या कडेला अंग घासून घासून त्यानं केस घालवले, खाली ओली जखम. वास यायला लागला. गोरक्षनं स्वतः दोनदा औषधाच्या पाण्यानं त्याला धुतलं, हे खरं आहे, त्याला दोष द्यायचा नाही. सायलीबाईंनी सुई दिली, गोळ्या दिल्या. आठ दिवस बरं, पुन्हा तेच. कोळशा माझ्याजवळ यायचा, खायचा, पण शेपटी हालायची नाही.

आणि त्याच दिवसांत सून सृष्टी माहेरी बाळंत झाली. मुलगी. दोन महिन्यांनी बाळाला घेऊन ती घरी येणार होती.

एका संध्याकाळी गोरक्ष ओट्यावर बसला. माझ्यावरच बसला, म्हणून सगळं ऐकलं.

"आबा, बाळ येनार. घरात असं जनावर... मला बी बरं नाय वाटत. पन वणीजवळ दोस्ताचा मळा हाय. तिथं ऱ्हाईल. रविवारी टेंपो सांगितलाय."

बहिरू कोळशाच्या कानामागं हात फिरवत राहिला. गोजराबाई दारातून म्हणाली, "म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या मळ्यात कोन इचारतं रे? तिथली कुत्री त्याला जगू देतील?"

"मग काय करू, आई? तूच सांग."

ती चुलीकडं वळली.

शनिवारी सकाळी बहिरू उठला आणि म्हणाला, "एकदा डॉक्टरीणबाईला दाखवतो. शेवटचं." मागच्या खेपेला त्यांनी त्याला सांगितलं होतं, पुढच्या वेळी हा काय खातो ते घेऊन या. आता कोळशा काय खातो? डब्यातलं. म्हणून बहिरूनं मला उचललं.

रिक्षात कोळशा पायाशी आणि मी मांडीवर. रिक्षावाला रावजी ओळखीचा. मागं वळून म्हणाला, "बहिरूबा, डब्याचं शीट येगळं लागंल बरं का."

"त्याला काय, मी खाली उतरतो, डबा बसवून ने," बहिरू म्हणाला.

सायलीबाईंनी मला टेबलावर पाहिलं आणि हसल्या. मग त्यांचं हसू गेलं, कारण त्यांनी कोळशाला पाहिलं. हातमोजे घालून त्यांनी त्याचं पोट तपासलं.

"बाबा, डबा कशाला आणला? पोतं हवं होतं मला."

"त्यातलंच हाय की बाई. सगळंच्या सगळं."

"हो, पण यात काय आहे ते डबा कसं सांगणार? गोळ्या पाहून मलाही कळत नाही. ते पोत्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ओतलं की झालं. गोष्ट माझी झाली. पण या गोळ्यांचं नाव पोत्याच्या पाठीवर राहिलं होतं आणि ते सरपणावर विटांखाली पडलं होतं.

"मेंढीचं हाय," बहिरू म्हणाला. "पुढं चित्र हाय. पोरानं वाचलंय."

"पुढं काय लिहिलंय नक्की? मेंढी, का मेंढी घातलेलं, का मेंढीच्या चवीचं?"

"त्यात काय फरक, बाई?"

सायलीबाई स्टुलावर बसल्या. बाहेर दोन मांजरं आणि एक शेळी थांबली होती, तरी बसल्या. हे मी विसरणार नाही.

"हे बघा बाबा. आजी लसणाची चटणी करतात ना? त्यात लसूणच जास्त. आणि शेंगदाण्याच्या चटणीत दोन पाकळ्या लसूण घातला, तर ती झाली लसूण घातलेली चटणी. आणि वेफर्सच्या पुडीवर लिहितात, लसणाच्या चवीचे. तिथं लसूण नावाला. वास आला, काम झालं. जनावरांच्या खाण्याचंही तसंच. बाहेरच्या देशांत याचे नियम ठरलेले आहेत. नुसतं मेंढी म्हणायचं तर मेंढी भरपूर हवी. 'घातलेलं' म्हणायला शंभरात तीन-चार भाग पुरतात. आणि 'चवीचं' म्हणायला चव लागली की बास. आपल्याकडच्या पोत्यांवरही बहुतेक तसेच शब्द छापतात. मग उरलेलं पोट कशानं भरलंय?"

बहिरूनं माझ्याकडं पाहिलं. मीही स्वतःकडं पाहिलं असतं, पाहता आलं असतं तर.

"ते मागं बारीक अक्षरांत असतं. आणि तिथं एक नियम असतो. जे वजनानं सगळ्यात जास्त ते पहिलं. मग त्याहून कमी. मग त्याहून कमी. चित्र पाहायचं नाही, ही रांग पाहायची."

मग त्यांनी कागद घेतला आणि त्यावर, पोत्यावर असतात तशा इंग्रजी अक्षरांत, पण मोठे, दोन शब्द लिहिले, एकाखाली एक.

"वरचा शब्द कोंबडी. खालचा पोल्ट्री, म्हणजे कोंबडी-बदक असली पाखरं, त्यातही कोंबडी असू शकते. गोरक्षला म्हणावं, हे शब्द मागच्या रांगेत आहेत का बघ. आणि कुठं आहेत ते."

बहिरूनं कागद घडी घालून टोपीत ठेवला.

घरी आल्यावर तो ओट्यावर टेकला नाही. थेट मागं गेला. विटा काढल्याचा आवाज आला.

"आवं, सरपण भिजंल!" गोजराबाई ओरडली.

"आभाळ कुठं हाय? भिजतंय कशानं?"

त्यानं पोतं झटकलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि माझ्या झाकणावर पाठ वर करून पसरलं. गोरक्ष कंपनीतून चारला येणार होता. तोवर थांबता आलं असतं. पण बहिरूच्या हातात चिठ्ठी होती. आणि चिठ्ठी हातात आली की वॅगनपर्यंत जायचं, एवढंच त्याला माहीत.

त्यानं कागद डाव्या हाताला ठेवला आणि उजव्या हाताचं बोट पोत्यावर. मला ते बोट पोत्यातून जाणवत होतं. जाड, खरबरीत, यार्डातल्या दगडी कोळशानं चिरलेलं.

"पयली अर्धी बांगडी," तो पुटपुटला. "मग एका पायरीची शिडी. मग काठी. पुन्ना अर्धी बांगडी. मग काठीला टेकून लाथ मारनारा गडी. मग तीन दातांची फणी. मग..."

"काय बडबडताय?" गोजराबाई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"खूण जुळवतोय."

ती शेजारी बसली. पोत्याच्या पाठीवर बारीक अक्षरं मुंग्यांसारखी. इतकी, की कुठून सुरू करावं कळेना. एका चौकटीत त्यानं तासभर घालवला, तर ती चौकट भलतीच निघाली, तिथं नुसते आकडे. गोजराबाई म्हणाली, "द्या सोडून, पोरगा येईल." तो म्हणाला, "सोडतो, सोडतो," आणि दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

तिथं बोट थांबलं. पहिल्याच शब्दावर. मागं गेलं, पुन्हा आलं. अर्धी बांगडी. शिडी. काठी. मी झाकण घट्ट धरून राहिलो. एकदा, दोनदा, तीनदा त्याचं बोट त्या शब्दावरून गेलं.

"गोजरे," तो हळूच म्हणाला, "चुलीतला कोळसा आन."

विझलेल्या कोळशाच्या तुकड्यानं त्यानं त्या शब्दाभोवती गोल काढला. मग पुढं गेला. चौथ्या नावाजवळ पुन्हा तोच शब्द. पुन्हा गोल. मग खालचा, पोल्ट्रीचा शब्द शोधला. तोही एका जागी सापडला. तीन गोल झाले. कोळशा बाजूला पडून पाय चाटत होता.

गोरक्ष चारला आला. गाडी लावता लावताच म्हणाला, "टेंपोवाला सकाळी सातला येतो म्हनला."

"आधी हे वाच," बहिरू म्हणाला.

"काय हे? आबा, मी वाचलंय. पुढंच तर लिहिलंय मोठं."

"पुढचं नको. माझ्या गोलातलं वाच."

"तुमाला कुठं वाचता येतं?"

"वाचता नाय येत. जुळवता येतं."

गोरक्ष वाकला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. पहिलं नाव कोंबडीचा वाळवलेला चुरा. मग तांदूळ, मग मका. चौथं कोंबडीची चरबी. मेंढी शोधायला त्याला बराच वेळ लागला. ती रांगेच्या शेपटाला होती, मिठाच्या जरा आधी. मग त्यानं पोतं उलटं केलं, पुढचं पुन्हा पाहिलं. मोठ्या अक्षरांत मेंढी. खाली गवताच्या चित्रात हिरव्यावर हिरवं, बारीक, 'चवीचं'.

तो खाली बसला. "मीच आणून दिलं की त्याला," म्हणाला. "हातानं."

मग गोजराबाई म्हणाली, "मी बी ओतलं, ह्यांनी बी वाढलं. सगळ्यांचेच हात हायेत त्यात. उठ, फोन लाव टेंपोवाल्याला."

त्यानं लावला. मग सायलीबाईंना लावला. त्या म्हणाल्या, कोंबडी पूर्ण बंद करून निदान आठ आठवडे पाहावं लागेल. आणि डबा धुवा, कणसुद्धा राहायला नको.

"आठ आठवडे," गोरक्ष म्हणाला. "बाळ यायला बी तेवढेच हायेत. आबा, तोवर बरा झाला तर ठीक. नाय तर..."

"नाय तर मी सोता टेंपोत बसवतो," बहिरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता, टेंपो यायचा त्या वेळेला, गोजराबाई मला गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यानं घासत होती. कोपऱ्याकोपऱ्यातून घासलं. मग उन्हात पालथं घातलं. त्या उन्हाची मला अजून आठवण आहे.

नवं पोतं आणायला बाप-लेक दोघं गेले. गोरक्षनं येऊन आईला सांगितलं ते असं. दुकानात त्यानं माशाचं चित्र असलेलं पोतं उचललं, मागची पहिली दोन-तीन नावं वाचली आणि म्हणाला, "मिळालं, आबा." बहिरूनं टोपीतून कागद काढला आणि खाली बसून पहिल्या नावापासून शेवटापर्यंत बोट नेलं. दुकानदार म्हणाला, "बाबा, पोरानं वाचलं ना?" बहिरू म्हणाला, "वाचलं, वाचलं. आता जुळवतो." शेवटून तिसऱ्या जागी पोल्ट्रीचा शब्द निघाला. पोतं परत ठेवलं. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्या पोत्यात दोन्ही शब्द नव्हते. ते आलं.

गोजराबाईला त्या रांगेचं फार कौतुक वाटलं. गोरक्षकडून ती सगळी नावं वाचून घ्यायची. एकदा त्यानं सायलीबाईंकडून ऐकलेलं सांगितलं, की ताजं मांस पाण्यासकट मोजतात, म्हणून ते रांगेत पुढं दिसतं, वाळवलेलं मागं. ती लगेच म्हणाली, "म्हंजी वला कांदा आन वाळला कांदा. गोणी तेवढीच दिसती, वाळल्यावर बघा किती उरतो. यात शिकवायचं काय?"

पण ओतायची वेळ आली, तेव्हा ती थांबली. पोतं धरून उभी राहिली. मग आत जाऊन कात्री आणली. गोळ्या माझ्यात ओतल्या आणि पोत्याची पाठ, ती रांगेची चौकट, नीट कापून काढली. गोरक्षनं चिकटपट्टी आणली. दोघांनी मिळून ती माझ्या अंगावर चिकटवली, अगदी कडीखाली.

राखेनं घासून ज्या बाईनं मला कोरा केलं होतं, तिनंच मला अक्षरं दिली.

पहिले चार आठवडे काही दिसलं नाही. बहिरू रोज कोळशाच्या पोटाखाली हात घालून बघायचा. पाचव्या आठवड्यात ओली जखम सुकली. सहाव्यात त्याचं खाजवणं कमी झालं. सातव्यात एका सकाळी बहिरू ओरडला, "आगं ये, बाहेर ये!" गोजराबाई धावत आली. कोळशाच्या मांडीवर काळी लव फुटली होती. पेरलेल्या मेथीसारखी.

सृष्टी बाळाला घेऊन आली, तेव्हा कोळशा ओट्यावर बसला होता. तिनं आधी त्याला पाहिलं, मग गोरक्षकडं. "हा तोच का?" म्हणाली. बाळाला कोळशाजवळ लगेच कुणी नेलं नाही, ते बरोबरच आहे. पण त्याला कुणी हलवलंही नाही.

आता मी आहे तिथंच आहे, ओट्यावर. तळाला थोडा गंज चढलाय. गंजून तळाला भोकं पडली तर माती भरून माझ्यात कोथिंबीर लावतील, तेही मला चालेल. माझी काही तक्रार नाही. सहादूचे, गोजराबाईचे, सायलीबाईंचे उपकार आहेत. त्या पहिल्या पोत्याचेसुद्धा. ते खोटं बोललं नव्हतं. खरं त्याच्या पाठीवर होतं, आम्हीच पाठ विटांखाली घातली.

तुमच्याकडंही माझ्यासारखे डबे असतील. ओता त्यांच्यात, जरूर ओता. डब्याला भरलेलं आवडतं. फक्त पुडीची पाठ तेवढी कापून ठेवा. ज्याला सांगता येत नाही असं जनावर आपण वाढू तेच खातं.

झाकण वाजायला लागलंय, म्हणजे बहिरू आला. तो कडी काढण्याआधी रोज एकदा त्या रांगेवरून बोट फिरवतो, पहिल्या नावापासून शेवटापर्यंत. गोजराबाई आतून म्हणते, "आवं, रातीत बदललं का काय ते?" तो म्हणतो, "आवरतो, आवरतो." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. शेजारी कोळशा उभा आहे. त्याला वाट पाहवत नाही.

टण, टण, टण.